आईंना मीच वरच्या खोलीत बसवलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. आज सांगते — पण मान खाली घालून सांगणार नाही, तेवढं आधीच ऐकून ठेवा.

पर्वत पाटिया नावाच्या कामगारवस्तीत आमची खानावळ आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आधी पाणी, मग नाव.' लोक त्याचे फोटो काढतात, मला अन्नपूर्णा म्हणतात. म्हणोत बापडे. ते बोल माझ्या सासूबाईंचे. धुळ्याहून येऊन त्यांनीच ही खानावळ काढली. लूमवर, कापडाच्या मागावर, राबणारा कुणीही दारात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे, मग चौकशी. आणि ताटात वाढायचं ते मालकिणीनं, स्वतःच्या हातानं. ही त्यांची रीत.

म्हातारपणी तोच हात थरथरायला लागला. वरणाची पळी ताटापर्यंत येईतो निम्मी सांडायची. आणि ही माणसं काय करायची, ठाऊक आहे? ताट उचलून पळीखाली धरायची! पाळी संपवून थकून आलेली माणसं — हसत, "वाढ माय, वाढ" म्हणत. मी थेंबही न सांडता भराभर वाढायची. माझ्यासाठी कुणी कधी ताट उचललं?

मत्सर. दुसरा बरा शब्द शोधून पाहिला — नाही सापडला.

एका सकाळी मी म्हटलं, "आई, गिऱ्हाइकं कुरकुरतात. तुमच्या हातचं नको म्हणतात."

कुणीही असं म्हटलं नव्हतं. कुणीही नाही.

त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. "मना हातनी किळस येस का त्यासले?"

मी हो म्हटलं. तोंडावर.

त्या वरच्या खोलीत गेल्या, त्या पुन्हा खाली आल्याच नाहीत. खाली माणसं विचारायची, माय कुठे गेली? मी सांगायची, त्यांनाच आता कंटाळा आलाय. इकडेही खोटं, तिकडेही खोटं. माझी लेक तेव्हा लहान होती, आजीपुढे तोंड उघडून बसायची. आईंनी तिला घास भरवणंही सोडलं — हात पदराखाली. 'आजी माझे लाड करायचीच नाही,' असं लेक अजून म्हणते. मी ऐकून घेते.

खरं सांगायला किती वेळ लागला असता? जिना चढण्याइतका. आई गेल्या. मी जिना चढले नाही. कामाचा रगाडा होता, वय कमी होतं — हे मला म्हणायचं नाही. मला कळत होतं.

आता माझा हात हलतो. परवा पळी डुचमळली आणि समोरच्या पोरसवदा कारागिरानं झटकन ताट उचललं.

"ताट खाली ठेव," मी म्हटलं.

त्यानं ठेवलं. वरण फरशीवर सांडलं. मी फडकं आणलं आणि पुसून घेतलं.