बिनभोकाची गाडी

पेंडसे अण्णांनी मला फसवलं. अण्णा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, नंदाचे, सासरे. माणूस सज्जन, शब्द तोलून बोलणारा, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला. असा माणूस फसवतो यावर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि त्यामुळे गेली कित्येक वर्षं घरात मीच भांडखोर ठरलो आहे. म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहितो.

माझं डोंबिवलीला स्टेशनजवळ नळाच्या सामानाचं दुकान. अर्ध्या गाळ्यात सुरू केलं आणि निव्वळ जिभेच्या जोरावर वाढवलं. घासाघीस हा माझा धंदा नाही, प्रकृती आहे. (लग्नात भटजींशी दक्षिणेवरून मी बोहल्यावर उभा राहून बोललो होतो. आमची बायको, सुमन, ते अजून काढते.)

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शहाडला एका बंद पडलेल्या कारखान्यात जुने पाइप विकायला काढलेत असं कळलं, म्हणून मी गेलो. पाइप सडके निघाले. पण शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी होतं, आणि ताडपत्री दिसली की ती उचलून बघितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. खाली गाडी होती. विलायती, दोनच माणसांची, बिनछपराची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. कधीकाळी तिथल्या कुठल्याशा गोऱ्या साहेबाची. मागून धरून उचलून बघितली तर चक्क उचलली गेली. इतकी हलकी गाडी मी आयुष्यात पाहिली नव्हती. ती अशी का, आतून कशी, एवढ्याशा इंजिनावर पळते तरी कशी, हे मला कळलंच पाहिजे असं झालं. सबंध दुपार मॅनेजरशी भांडून मी ती पदरात पाडून घेतली आणि टेंपोला बांधून घरी आणली.

सुमनने गॅलरीतून विचारलं, "बसायला जागा दोन. घरात माणसं पाच. बाकीचे काय मागून धावत येणार?"

"डिकी कापून मागे बाक बसवतो."

"आणि ऊन?"

"छप्पर करतो."

"आणि ब्रेकच्या खाली रस्ता दिसतोय, तो?"

ते खरं होतं. गाडीचं बूड गंजून चाळणी झालं होतं.

बाक मी स्वतः बसवला. छप्पर आमच्या ओळखीच्या मंडपवाल्याकडून करून घेतलं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, बांबूच्या कामट्यांवर ताणलेलं. शीळ रस्त्यावर जरा वेग घेतल्याबरोबर ते उडालं आणि एका म्हशीवर जाऊन बसलं. म्हैस ते घेऊन तशीच तबेल्यात गेली. मी मागायला गेलो तर तबेलेवाला म्हणाला, "तिला आवडलंय." छपराचा विषय तिथे संपला.

राहिलं बूड. कल्याणच्या गॅरेजवाल्याने पत्र्याचा जो खर्च सांगितला तो ऐकून मी त्याला म्हटलं, गाडी तू ठेव, पत्रा मला दे. मग कोणीतरी ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या धर्मा नाखवाचं नाव सांगितलं. नाखवा लाकडी होड्यांना बाहेरून फायबर चढवायचा. त्या काळात ते नवीन होतं. नाखवाने गाडीभोवती एक फेरी मारली, पोटाखाली हात घातला आणि म्हणाला, "शेट, गारी कवा केली नाय मी. पन होरी काय नि गारी काय, पोट त पोटच."

भाव ठरायला दोन दिवस लागले. ठरल्यावर मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "आता वर काय देणार?" भाजीवाली मूठभर कोथिंबीर टाकते, कापडवाला वीतभर कापड जास्त सोडतो. वर काही मिळाल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं मला वाटतच नाही.

नाखवा डोकं खाजवायला लागला. तेवढ्यात मला सीटखाली दोन गोल भोकं दिसली. गंजाची नव्हेत, मुद्दाम पाडलेली, नीट कडा वळवलेली. मग आम्ही दोघं उकिडवे बसून गाडीभर भोकं शोधायला लागलो. पायाशी होती, मागे होती, दरवाजांच्या खाली तर चिराच होत्या.

"गोऱ्याने ही कशाला ठेवली असतील?" मी विचारलं.

"त्यांना गरम व्हत आसल."

"बसल्या जागी वारा लागावा म्हणून?"

"मंग. आपल्याला काय करायचाय खालून वारा?"

मला तो विचार पटला. पावसाळ्यात आमच्याकडे रस्त्यावरचं पाणी खालून वर येतं, हे विलायतेत बसून कोणाला कळणार? मी म्हटलं, "हीच वर टाक. सगळी भोकं बुजव. फुकटात."

"सगली?"

"एक ठेवायचं नाही."

"दरवाजा पन भोकच हाय, शेट."

दरवाजांच्या बिजागऱ्या खिळखिळ्या झाल्याच होत्या. मी म्हटलं, तेही बुजव. दरवाजे फुकटात बंद करून मिळाले, या आनंदात मी कोळीवाड्यातून बाहेर पडलो.

काम झाल्यावर नाखवाने निरोप धाडला. जाऊन बघतो तर गाडीचा वरचा भाग चाकांवरून उतरवून त्याने खाडीच्या काठाशी नेऊन ठेवलेला. "होरी केली का पान्यान सोरून बगायची. रीत हाय," म्हणाला. नारळ फोडला आणि चौघांनी ती खाडीत ढकलली. माझी गाडी तरंगली. तास झाला तरी आत थेंब नाही. काठावर जमलेल्या बायका हसत होत्या आणि माझी छाती फुगत होती. गॅरेजवाल्याचा पत्रा तरंगला असता का, मला सांगा.

सुमन पहिल्यांदा बसायला आली ती दरवाजा शोधत दोनदा गाडीभोवती फिरली. "नऊवार नेसून मी हे कुंपण ओलांडायचं?" एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

आता नंदाचं सांगतो, कारण खरा प्रश्न तिचाच होता. नंदा ठाण्याला कचेरीत नोकरीला होती. तिथल्याच श्रीकांत पेंडसे नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. आमची हरकत नव्हती. हरकत झाली तर त्याच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, होणार होती. जुन्या वळणाचे, टेंभी नाक्यामागे तीन पिढ्या राहिलेले. त्यांनी आमच्या घरी येऊन, माणसं बघून मग हो-नाही सांगायचं ठरलं. वडील गेल्यानंतर नंदाचं सगळं मीच केलेलं, त्यामुळे बघायचं म्हणजे मलाच बघायचं. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "दादा, उद्या कुणाशी भांडू नकोस. आणि कसलीही घासाघीस नको. हे मोडलं तर मी दुसरं करणार नाही."

"मी कधी भांडतो?" मी म्हटलं. 

श्रीकांतला सुट्टीचा दिवस सोयीचा, म्हणून गोपाळकाला ठरला. श्रीकांत आणि त्याची आई बसने आधी पुढे गेले. अण्णांना मात्र मी स्वतः गाडीतून आणणार होतो. अशी गाडी उभ्या जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि मुलीचा भाऊ कोण आहे ते त्यांना वाटेतच कळावं, असा माझा हिशेब.

अण्णा पांढरं धोतर आणि कोट घालून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन खाली आले. गाडीला दरवाजा नाही हे पाहून त्यांनी काही विचारलं नाही. धोतर आवरून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, आत उतरले. म्हणाले, "विहिरीत उतरल्यासारखं वाटलं. छान आहे."

टेंभी नाक्यावर पोहोचलो आणि पुढे हंडी, मागे गोविंदा पथकाचा ट्रक, मध्ये आम्ही. हलायला जागा नाही. एका गॅलरीतून बादलीभर पाणी आलं.

"अण्णा, सॉरी हं."

"असू द्या. आज चालतं."

पण उघडी गाडी बघून आजूबाजूच्या सगळ्या गॅलऱ्यांना हुरूप आला. गोविंदांना भिजवायला आणलेल्या टँकरवाल्याने पाइप आमच्याकडे वळवला. आम्ही पुरते निथळत होतो, पण निथळलेलं कुठेच जात नव्हतं.

"पाणी पायाशी साचतंय," अण्णा म्हणाले.

"जाईल."

"कुठून जाईल? मी आपलं कुतूहल म्हणून विचारतो."

मी पायाने चाचपून बघितलं. ज्या ज्या जागी गोऱ्याची भोकं होती, त्या त्या जागी नाखवाचं काम लागलं. गुळगुळीत, पक्कं, फुकटातलं. ती भोकं कशाला होती ते मला त्या क्षणी कळलं. विलायतेत पाऊस वरूनही पडतो.

पाणी पोटऱ्यांना लागलं, मग सीटवर आलं. पेढ्यांचा पुडा अण्णांच्या मांडीवरून सुटला आणि गिअरच्या दांड्याला वळसा घालून माझ्याकडे आला. मी तो पुन्हा त्यांच्याकडे ढकलला. वजनाने गाडी खाली बसली आणि चाकं मडगार्डला घासू लागली. भोवती गर्दी जमली.

"काका, साबण देऊ काय?"

"मामा, मासे सोडले का अजून?"

माझं डोकं तापलं. ताडकन उठायला गेलो, घसरलो, आणि जे परत बसलो त्याची लाट अण्णांच्या चष्म्यावरून गेली. तेवढ्यात गर्दीतला एक गृहस्थ पुढे वाकून बघायला लागला. "अरे, हे तर डोंबिवलीचे नळवाले शेठ. मोरीची जाळी मी यांच्याकडूनच नेलेली. एक नंबर जाळी. पाणी जरा म्हणून थांबत नाही."

अण्णांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळले. "आपण जाळ्या विकता?"

"विकतो."

"अच्छा," म्हणाले. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

एक गोविंदा कुठूनशी पहार घेऊन आला. "शेठ, खालून एक भोक पाडतो. दोन मिनिटांत मोकळे."

मी पहारच धरली. "माझ्या गाडीला भोक? अरे, बुजवून घेताना किती डोकं लावलंय मी."

"मग बसा पाण्यात."

"बसू या की," अण्णा शांतपणे म्हणाले, "घाई काय आहे?" ते चिडवतायत की समजूत घालतायत, मला कळेना. पण नंदाचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी पहार सोडली; तोही भोकाचा नाद सोडून ती घेऊन गेला.

शेवटी पथकातल्या पोरांनी अण्णांना अलगद वर काढून खांद्यावर घेतलं. लोकांना वाटलं, हंडीचे प्रमुख पाहुणे आले. टाळ्या पडल्या. अण्णांनी खांद्यावरूनच सर्वांना नमस्कार केला. मग सगळ्या पथकाने एका बाजूने जोर लावून गाडी कलंडवली आणि माझी इभ्रत पेढ्यांसकट नाक्यावर वाहून गेली. इंजिनात मात्र थेंब गेला नव्हता, हे नाखवाच्या बाजूने सांगितलं पाहिजे. गाडी लगेच सुरू झाली.

कळवा गेलं, मुंब्रा गेलं. अण्णा धोतराचा सोगा वाऱ्यावर धरून बसले होते. मी मनात वाक्यं जुळवत होतो, नंदाला काय सांगायचं, सुमनला काय सांगायचं. शीळफाट्याला अण्णांनी ओल्या कोटाच्या बाह्या पिळल्या आणि विचारलं, "विकणार का?"

"काय?"

"गाडी. चाळीस वर्षं कचेरीत गेली, माझ्याकडे वळून कुणी कधी पाहिलं नाही. आज सगळं ठाणं बघत होतं."

आता माझी अवस्था समजून घ्या. समोर गिऱ्हाईक आहे, आणि त्याच गिऱ्हाइकाच्या तोंडात माझ्या बहिणीचं हो-नाही आहे. जास्त सांगावं तर मुलगी घरात राहते. कमी सांगावं तर दुकानाची अब्रू जाते. घासाघीस करणार नाही असं मी नंदाला कबूल केलेलं, पण घासाघीस समोरच्याने सुरू केली तर? त्याला माझा इलाज नव्हता. मी हिशेब केला. एक आकडा मनात धरला, त्यात अण्णा खाली आणतील तेवढं घातलं, मी शेवटी नात्याखातर सोडेन तेवढं घातलं, आणि बोललो.

"ठीक आहे," अण्णा म्हणाले. "दिले. आणि मुलगी आम्हाला पसंत आहे."

एका श्वासात दोन्ही. नंदा त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती.

लग्न थाटात झालं. नंदा सुखात आहे. अण्णांनी गाडी नाखवाकडे नेऊन बुडाला एक भोक पाडून घेतलं, त्याला होडीचं बूच बसवलं आणि दर गोपाळकाल्याला ते बूच काढून टेंभी नाक्यावर जाऊन उभे राहायला लागले. लोक त्यांना नारळ द्यायचे. नंदा म्हणते, "दादा, आता विसर ना." सुमन म्हणते, मागितले तेवढे मिळाले, अजून काय हवं?

तेच तर कोणाला कळत नाही. मागितले तेवढे मिळाले म्हणजे मी कमी मागितले. किती कमी, हे जगात फक्त अण्णांना माहीत आहे, आणि विचारलं की ते हसून चहा सांगतात. मला गाडी परत नको, वर काही नको. त्यांनी एवढंच उत्तर द्यावं, चारचौघांत द्यावं: त्या दिवशी शीळफाट्यावर मी आकडा सांगितल्यावर, निदान मुलीच्या भावाचा मान म्हणून, ते एकदा तरी "जास्त होतात" असं का म्हणाले नाहीत?