वहीतलं दुसरं नाव

ऐंशीच्या दशकात सौसरहून बदली होऊन मी पांढुर्ण्याच्या शाळेत आलो आणि स्टेशनामागे, चर्चसमोर खोली घेतली. रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी बांधलेलं ते चर्च लहानसंच होतं. आत आठ बाकं, दाराशी घंटा आणि भिंतीत संगमरवरी पाटी. बांधणाऱ्यांची नावं तिच्यावर इतक्या ठळक अक्षरांत होती की देवाचं नाव घालायला जागाच उरली नव्हती.

साहेब गेले. उरल्या सिस्टरबाई, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. दर रविवारी त्या घंटा वाजवायच्या, पहिल्या बाकावर तासभर एकट्या बसायच्या आणि कुलूप लावून जायच्या. समोरच्या ओट्यावर मी कालचा पेपर वाचत असायचो. दोन वर्षं आमची ओळख एवढीच.

एकदा त्या रस्ता ओलांडून आल्या.

"मास्तर, रविवारी काय करून राहिले?"

"काहीच नाही."

"मग तेच आत येऊन करा. मोठे पाद्री येऊन राहिले. चर्चच्या वहीत माझं एकटीचंच नाव उरलं. दुसरं कोणी नसलं तर बंद करतो म्हणतात."

"माझा देवावर विश्वास नाही, बाई."

"बसायला कुठं लागते तो?"

रविवारी पाहतो तर चर्च भरलेलं. बाईंनी ज्यांची बाळंतपणं केली त्या बाया लेकरांसकट आल्या होत्या, तिगावाहूनसुद्धा. प्रत्येकीनं चपला बाहेर काढल्या, आत शिरताना घंटा एकदा वाजवली आणि पदर सावरून फरशीवर बसली. देवापुढं उंच कसं बसावं? बाकं रिकामी. मी शिकलेला, चर्चची रीत पुस्तकांतून माहीत असलेला. बूट घालून एकटा बाकावर बसलो.

पाद्री मोटारीतून उतरले. मागून नगरपालिकेचे कोणीतरी हार घेऊन आले आणि सर्वधर्मसमभावावर वीस मिनिटं बोलले. मग पाद्रींनी फरशीकडे पाहिलं.

"हे लोक आपले नाहीत."

"माझे आहेत," बाई म्हणाल्या. "निम्मे तर मीच ओढून बाहेर काढले."

बाया खुदखुदल्या. पाद्रीही हसले, पण वही उघडून माझ्याकडे वळले.

"आपण? आपण तर मंडळीतलेच ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या क्रुसाकडे पाहत राहिल्या.

"मी नास्तिक आहे," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो. असं वाक्य म्हणायची संधी त्या गावात क्वचित मिळायची.

वही मिटली. चर्चची किल्ली मोटारीतून गेली.

मी माफीसारखं काही पुटपुटलो. "खरं तेच बोलले तुम्ही," बाई म्हणाल्या, "मी तर फक्त बसा म्हटलं होतं."

पुढच्या रविवारी घंटा वाजली नाही. बाई आल्या, बंद दारासमोरच्या पायरीवर तासभर बसल्या. मी ओट्यावर पेपर धरून होतो. मधला रस्ता जेमतेम बैलगाडी जाईल एवढा. पायरीवर दुसऱ्या माणसाला जागा होती. मी पान उलटलं.