बाबा, मुहूर्त आणि विजेची गाडी

हिवरा आश्रमहून सकाळी निघालो तेव्हा बाबा धोतर नेसून, अंगावर उपरणं घेऊन, कपाळाला गंध लावून माझ्या शेजारी बसले होते आणि गाडीच्या पडद्यावर बॅटरी बत्तीस टक्के दिसत होती. आदल्या दिवशी मी पुण्याहून एकटीच विजेची गाडी चालवत माहेरी आले होते. रात्री ती अंगणातल्या प्लगला लावली आणि निवांत झोपले. रात्रीच गावची लाइट गेली, ती उजाडेपर्यंत आली नाही.

बाबा भिक्षुकी करतात. दुपारी त्यांना वरवट बकालला लग्न लावायचं होतं. एरवी यजमान जीप पाठवतात. या खेपेला मीच हट्ट धरून बाबांना जीप नको म्हणायला लावलं होतं. बाबांनी इतक्या वर्षांत एकही मुहूर्त चुकवलेला नाही. ते स्वतः हे कधी सांगत नाहीत, पण यजमान सांगतात. आज चुकला असता तर तो माझ्यामुळे चुकला असता. जायचं होतं शंभराच्या वर किलोमीटर, आणि बत्तीस टक्क्यांत त्यातले सत्तर-पंचाहत्तर कसेबसे झाले असते. वाटेत खामगावला एक सार्वजनिक चार्जर असल्याचं नकाशा सांगत होता, सगळी भिस्त त्याच्यावर. अजूनही जीप मागवू का, असं मी विचारलं.

"आता निंघालो ना? मंग चाल," बाबा म्हणाले.

बॅटरी वाचावी म्हणून एसी बंद ठेवला. वैशाखाचं ऊन, नांगरून टाकलेली काळी रानं, मधूनच एखादा कांद्याचा ढीग. अमडापूर मागे पडलं तोवर माझ्या पाठीला घामाची धार लागली होती. बाबा मात्र उपरण्यानं वारा घेत एका नजरेनं तो टक्क्यांचा आकडा बघत होते. पंचवीस झाले, बावीस झाले. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा (पायनघाट, म्हणजे पूर्णेकाठचा सखल मुलूख). उतार लागला आणि मी पाय उचलला. गाडी स्वतःच्या वजनानं उतरू लागली की बॅटरीत थोडी वीज परत जाते. अठराचे एकोणीस झाले. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे तं वाढून राह्यलं," ते म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

खामगावचा चार्जर एका हॉटेलच्या आवारात निघाला. चालू होता, रिकामा होता. मी गाडीला त्याची जाड नळी लावली आणि पैसे द्यायला पाकीट काढलं. गल्ल्यावरचे काका तिथूनच म्हणाले, "बाई, ते मशीन नगद घेत नाई. मी तं फक्त चाय-नाश्ता ईकतो. मोबाइलवरून करा लागते." मग ॲप उतरवलं, नंबर टाकला, ओटीपी आला. आता ॲपच्या पाकिटात पैसे भरायचे होते. पाचशे आणि हजार अशी तयार बटणं समोर होती, खाली हवी ती रक्कम लिहायला मोकळी जागा.

बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते. "पाचशे एक टाक," ते म्हणाले.

आमच्या घरात शून्यावर संपणारी रक्कम कुणाला दिली जात नाही. वर एक रुपया हवाच. पण हे काय लग्नाचं पाकीट होतं? मी त्यांना म्हटलं, बाबा, हे मशीन आहे, त्याला आहेर करायचा नाहीये. आणि पाचशेचं बटण दाबलं. पैसे गेले. मशीनवरचा कोड स्कॅन करून 'सुरू करा'वर बोट ठेवलं. उत्तर आलं की पाकिटात किमान पाचशे रुपये असल्याशिवाय चार्जिंग सुरू होणार नाही. मी शिल्लक पाहिली. चारशे नव्याण्णव! खातं उघडण्याचा एक रुपया ॲपनं कापून घेतला होता.

बाबांनी सांगितलेला तोच एक रुपया नडला. पुन्हा पैसे भरायला गेले तर या वेळी बँकेतून रक्कम वजा झाली आणि ॲपमध्ये पोचलीच नाही. मदतीच्या क्रमांकावरची मुलगी गोड आवाजात म्हणाली की दोन दिवसांत जमा होतील. तिकडे ऊन चढत होतं, मांडवात वऱ्हाडी जमत असतील. मला रडू कोसळायचंच बाकी होतं. चूक ॲपची होती, बँकेची होती, पण गाडीचा हट्ट माझाच होता. मी बाबांना म्हटलं, नवरीच्या वडिलांना फोन करा, येऊ दे जीप.

बाबांनी कनवटीचा फोन काढला खरा, पण लावला नाही. "त्या ॲपचं नाव काय म्हनलं तू?" त्यांनी विचारलं.

हल्ली दक्षिणाही लोक स्कॅन करून देतात, त्यामुळे बाबांना मोबाइलवरचे पैसे काही नवे नाहीत. एकेक अक्षर बोटानं टोचत त्यांनी ॲप उतरवलं, ओटीपी मोठ्यानं वाचून टाकला, आणि मोकळ्या जागेत लिहिलं पाचशे एक. रुपया कापला गेला, पाचशे राहिले. बाबांनी मशीनला आधी नमस्कार केला, मग बटण दाबलं. आतून घुर्र आवाज आला आणि हिरवा दिवा लागला. मी भर आवारात टाळ्या वाजवल्या. गल्ल्यावरच्या काकांनी माझ्यासाठी तर्री-पोहे (वर तिखटजाळ रस्सा घातलेले) पाठवले. बाबा लग्न लागेपर्यंत काही खात नाहीत. ते खुर्ची ओढून मशीनसमोर बसले आणि वाढणारा आकडा बघत राहिले.

शेगाव ओलांडून वरवट बकालला पोचलो तेव्हा नवरीचे वडील रस्त्यावरच उभे होते. घामाघूम झालेले. "गुर्जी, मी जीप पाठवूनच राह्यलो होतो," ते म्हणाले.

"कायले? माही लेक हाये ना," बाबा म्हणाले आणि तसेच मांडवात शिरले.

हातपाय धुऊन, अंतरपाट धरवून, घड्याळाकडे एकदा बघून त्यांनी पहिलं मंगलाष्टक उचललं. लग्न ठरल्या घटकेला लागलं. अक्षता टाकताना मला कोण अभिमान वाटला, बाबांचाही आणि गाडीचाही. मग मांडवातच पंगतीला बसलो. वांग्याची भाजी, पुरी, बुंदी आणि गार मठ्ठा. मी दोनदा मठ्ठा मागून घेतला.

परतीला खामगावच्या त्याच आवारात बाबांनी मला गाडीतून उतरू दिलं नाही. नळी त्यांनी लावली, पैसे त्यांनी भरले, आणि शेजारी थांबलेल्या एका कुटुंबाला हे कसं करायचं ते समजावूनही सांगितलं. घाट चढताना टक्के भराभर उतरत होते, तरी ते सीट मागे करून खुशाल घोरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला निघायच्या तयारीत होते, तर ओसरीवर बाबा फोनवर बोलत होते. रोहिणखेडचे यजमान होते, पुढच्या महिन्यातल्या वास्तुशांतीसाठी. बाबा सामान सांगत होते. सुपाऱ्या, नारळ, आंब्याचे डहाळे, हळद-कुंकू, समिधा. मग माझ्या गाडीकडे बघत म्हणाले,

"अन् अंगनात एक पंधरा अँपियरचा प्लग पाह्यजे, अर्थिंगवाला. नाई नाई, जीप पाठवू नोका. पोरगी येईन पुन्याहून, तिच्या गाडीतच येतो. लाइटीचे पैसे माह्या दक्षिणेतून कापून घेजा."

मला सुट्टी मिळेल का, हे त्यांनी विचारलंही नव्हतं. मी बॅग ठेवली आणि तिथूनच ऑफिसला फोन लावला.