बहनजी आणि दारातल्या चपला

"बसते हो. पण पळायचं कुठून?"

कुणाच्याही घरी गेल्यावर बहनजींचा पहिला प्रश्न हा असे. यजमानाने खुर्ची पुढे करावी, आतून पाण्याचा पेला यावा आणि बहनजींनी उंबऱ्याशीच उभे राहून आधी छताच्या पंख्याकडे, मग कपाटाकडे, मग मागच्या दाराकडे पाहावे. मागच्या दाराला आतून सायकल टेकवलेली दिसली की त्यांचा चेहरा उतरे. ती सायकल हलवल्याखेरीज त्या पाण्याला ओठ लावत नसत.

एकदा झाशीतल्या आमच्या मराठी समाजातल्या एका मुलीला पाहायला ग्वाल्हेरहून मंडळी आली होती. मुलगी बहनजींच्या हाताखाली शिकलेली, म्हणून तिच्या आईने त्यांना हौसेने बोलावले. बहनजी आल्या, नमस्कार झाले आणि भरल्या बैठकीत त्यांनी विचारले, "पळायचं कुठून?" मुलाच्या वडिलांचा पोह्यांचा चमचा वाटेतच थांबला. मुलीने मात्र मान खाली घालून, जरा हसून, न्हाणीघराकडची वाट बोटाने दाखवली. लग्न जमले. ती मंडळी अजून सांगतात की बाकीच्या मुलींनी शिवणकाम सांगितले, हिला निदान आपल्या घराची रचना ठाऊक होती.

मी कोर्ट-कचहरीच्या आवारात कडुनिंबाखाली बसून अर्ज लिहितो. शाळेशी माझा संबंध लवकर सुटला, भाषेशी सुटला नाही. झाशीत ज्याची जमीन, पेन्शन किंवा शेजाऱ्याशी बोलणी अडली आहेत, असा मनुष्य केव्हा ना केव्हा माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून जातोच. तेव्हा माणसे मी पाहिली आहेत. आपणही आपल्या ठिकाणी पाहिली असतील. परंतु सुखाच्या दिवसांत संकटाची एवढ्या आस्थेने चौकशी करणारे दुसरे माणूस माझ्या पाहण्यात नाही.

बहनजी मुलींच्या शाळेत कवायत शिकवत. जन्म मराठी घरातला, पण शहरभर त्यांना बहनजीच म्हणत आणि पुढे आम्हीही तेच म्हणू लागलो. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या समाजाच्या सभागृहात रविवार सकाळचा एक वर्ग सुरू केला. वर्ग कुणाचा, तर मिसरूड फुटलेल्या मुलांचा आणि दर दोन वाक्यांनी डोळे फिरवणाऱ्या मुलींचा. विषय काय, तर पूर, वीज आणि भूकंप.

"याच वयात शिकवायचं," त्या म्हणत. "लहान मुलं घाबरतात, मोठी माणसं वाद घालतात. ही मुलं निदान हसत हसत करतात."

मुले हसतच होती. आमच्याकडची मुले घरात मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात, त्यामुळे वर्गही दोन्ही भाषांत चाले.

"बहनजी, भूकंप आया तो मैं खिड़की से कूद जाऊँगा," एक उंच मुलगा म्हणाला.

"कूद जा भैया. फिर तेरी टाँग उठाने कौन आएगा? टेबलाखाली जा. डोकं झाक. हलायचं थांबलं की बाहेर."

वीज कडाडू लागली तर चिंचेखाली उभे राहायचे नाही. मोकळ्या शेतात सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसायचे. रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या फरशीपुलावरून, पाणी वाहत असेल, तर ते घोट्याएवढे दिसले तरी मोटरसायकल घालायची नाही. हा शेवटचा धडा त्या मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत, कारण मोठ गावाकडच्या ओढ्यांवरचे रपटे आणि सोळा वर्षांच्या मुलाचा अभिमान या दोहोंची त्यांना पूर्ण कल्पना होती. आणि सर्व धड्यांच्या शेवटी एक वाक्य असे: "आधी पाय, मग पायताण."

या वाक्यानेच पुढचा सर्व प्रकार घडवला.

आमच्या सभागृहाला दार एकच. मागे देवळाची भिंत, बाजूंना गजांच्या खिडक्या. त्या एकुलत्या दारात चपलांचा ढीग असे. आपणांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आमच्यात कार्यक्रमाची प्रतिष्ठा वक्त्यावरून ठरत नाही, दारातल्या चपलांवरून ठरते. रस्त्याने जाणारा मनुष्य आत डोकावत नाही. तो ढीग पाहतो आणि म्हणतो, आज मराठी लोकांचे काही मोठे दिसते. आमचे अध्यक्ष तर कीर्तन चालू असताना मधेच उठून दारापर्यंत येत, ढिगावर नजर टाकत आणि समाधानाने परत जागेवर जात.

त्या ढिगात सर्वांत वर अध्यक्षांच्या कोल्हापुरी चपला असत. त्या खुद्द कोल्हापुराहून नातेवाइकाकरवी येत. अध्यक्षांचे घराणे झाशीत येऊन पिढ्या लोटल्या. घरात भाजी बुंदेली झाली, नातवंडे हिंदी झाली. तरी त्या चपलांना करकर आवाज होता आणि तो आवाज मराठी आहे असे ते मानत.

"दारातल्या चपला बाजूच्या भिंतीकडे ठेवायच्या," बहनजींनी पहिल्याच महिन्यात सांगितले. "ही एकच वाट आहे."

"आणि दार मोकळं दिसलं की लोक म्हणणार, कुणी आलंच नाही," अध्यक्ष म्हणाले. "बहनजी, भूकंप येईल तेव्हा येईल. समाजाची अब्रू रोजची आहे."

शेवटी असे ठरले की बहनजींनी सर्वांसमक्ष एकदा प्रयोग करून दाखवावा. तो जमला तर वर्ग चालू ठेवावा. न जमला तर रविवारी सभागृह दुसऱ्या कामाला द्यावे. कुणाकुणाच्या पालकांची कुरकुर होतीच, की सणासुदीच्या जागेत दर आठवड्याला मरणाच्या गोष्टी कशाला.

प्रयोगाला मी पहिल्या रांगेत होतो. बहनजींनी पितळी थाळीवर टोला दिला. मुले टेबलांखाली गेली, डोकी झाकली, बाहेर आली, ओळ केली. सर्व अगदी नमुनेदार. परंतु थाळी वाजताच आम्ही वडीलधारी मंडळी आधी दाराशी पोहोचलो होतो आणि तेथे आम्ही सर्व वाकलो. जो तो आपला जोड शोधत होता. माझ्या नव्या जोडातली डावी सँडल कुणाच्या तरी बुटाखाली गेली होती आणि मी काही ती सोडून जाणार नव्हतो. अध्यक्ष ओणवे होऊन कोल्हापुरी झटकत होते. मागून मुलांची ओळ शिकवल्याप्रमाणे चालत आली. शिकवल्याप्रमाणे न थांबता आली. पहिला मुलगा अध्यक्षांच्या पाठीवरून पुढे गेला, दुसरा त्याच्यावर, आणि मग दारात कोण कुठे होते हे मला सांगता येणार नाही. माझा चष्मा एका मुलीच्या वेणीत सापडला.

बहनजींनी थाळी खाली ठेवली.

"चपला सगळ्या वाचल्या," त्या म्हणाल्या. "आता माणसं मोजा."

अध्यक्षांना हे वाक्य झोंबले. त्यांनी सभागृहाची किल्ली तेथल्या तेथे परत मागितली. वर्ग बंद झाला.

दुसऱ्या दिवशी बहनजी कचहरीत आल्या. बाकावर बसण्याआधी त्यांनी वर पाहिले.

"मुन्शीजी, ही फांदी वाळली आहे. टेबल सरकवा."

"बहनजी, हे टेबल वडिलांपासून इथेच आहे."

"फांदीसुद्धा."

मी टेबल सरकवले. फांदी अद्याप पडलेली नाही. टेबलही परत जागेवर गेलेले नाही.

त्यांना कार्यकारिणीकडे अर्ज द्यायचा होता. वर्ग पुन्हा सुरू व्हावा आणि चपला भिंतीकडे ठेवल्या जाव्यात. मी त्या दिवशी मन लावून लिहिले. प्रारंभी वेत्रवतीच्या, म्हणजे आपल्या बेतवेच्या, जलाने पावन झालेल्या या भूमीचा उल्लेख केला, पुढे पूर्वजांच्या सेवेचा, नंतर शिक्षणाच्या महत्त्वाचा. बहनजी शांतपणे ऐकत होत्या.

"यात चपला कुठे आहेत?"

"चौथ्या परिच्छेदात येतात. आधी जमीन तयार करावी लागते."

"जमीन हलायला लागल्यावर चौथ्या परिच्छेदापर्यंत थांबेल का?"

मी म्हणालो की अर्जाची म्हणून एक चाल असते. त्यांनी वाद घातला नाही. माझ्या टाइपरायटरकडे पाहत त्या न विचारताच बोलू लागल्या.

त्यांचे माहेर नदीकाठच्या एरच गावचे. त्या लहान असताना बेतवेला पाणी आले. सर्व घर टेकाडावर पोहोचले होते. त्यांचा थोरला भाऊ पंधरा वर्षांचा. तोही पोहोचला होता. काहीतरी घरात राहिले म्हणून परत गेला.

"काय राहिलं होतं?" मी विचारले.

"ते मी कुणाला सांगत नाही, मुन्शीजी. सांगितलं की लोक म्हणतात, एवढ्यासाठी?" त्यांनी पदर नीट केला. "त्याला कुणी सांगितलं नव्हतं, की मागे फिरायचं नसतं. एवढंच सांगायचं होतं. ते चौथ्या परिच्छेदात टाकू नका."

मी अर्ज फाडला आणि नवा केला. त्यात वेत्रवती ठेवली, कारण तिच्यावाचून कागद उघडा दिसत होता, पण बाकीचे काढले. अर्ज दाखल झाला. कार्यकारिणीने कळवले, विचाराधीन आहे.

मग गणपती आले. संध्याकाळची आरती झाली होती आणि अध्यक्ष वार्षिक अहवाल वाचत होते. दारात यंदा विक्रमी ढीग होता. बहनजी नेहमीप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. अहवालात सतरंज्यांची खरेदी चालू असताना निरांजनाचे ताट आपोआप किणकिणले. मला वाटले, मागून ट्रक गेला. मग छताचे पंखे, जे वीज गेल्यामुळे बंद होते, हळूहळू झुलू लागले.

आम्ही मोठे एकमेकांकडे पाहत राहिलो. अशा वेळी पहिले कोण उठते हेच आपण पाहतो. मुलांनी पाहिले नाही. ती खुर्च्यांखाली गेली, डोक्यावर हात घेतले. आणि झुलणे मंदावताच दोन मुले दाराकडे गेली आणि त्यांनी तो विक्रमी ढीग पायांनी बाजूला लोटायला सुरुवात केली. बाजूला म्हणजे दारासमोरच्या उघड्या नालीत. बूट, सँडल, जरीच्या मोजड्या, सर्व. वाट मोकळी झाली. बहनजी दाराचे कवाड धरून उभ्या होत्या आणि प्रत्येकाला हळू आवाजात सांगत होत्या, "पुढे. भिंतीपासून लांब. पुढे."

सर्व बाहेर आले. अध्यक्षही निघाले. त्यांनी एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला आणि मग त्यांना आठवले की कोल्हापुरी नव्या होत्या, म्हणून यंदा त्या आत, व्यासपीठाशेजारी ठेवल्या होत्या. ते मागे वळले.

बहनजींचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला.

"नाही. मागे नाही."

त्यांनी अध्यक्षांचे मनगट धरले. दुसऱ्या बाजूने अध्यक्षांची नात, जी आजवर मराठीत धड एक वाक्य बोलली नव्हती, ती त्यांचा सदरा ओढत म्हणाली, "आबा, चला ना. चप्पल बाद में."

अध्यक्ष अनवाणी रस्त्यावर आले. झाशीचा रस्ता अनवाणी पायांना दयाळू नाही. सर्व कार्यकारिणी कधी या पायावर, कधी त्या पायावर उभी होती आणि समोरचा पानवाला आम्हांला विचारत होता, "भैयाजी, आज कौन सी पूजा है?"

पडले काहीच नाही. अध्यक्षांच्या खुर्चीवर थोडा चुना, एवढेच. धरणी केव्हाच थांबली होती. परंतु बहनजींनी धरलेले मनगट सोडले नव्हते. आणि अध्यक्षांनीही, का कोण जाणे, ते सोडवून घेतले नाही.

नालीतला माल दुसऱ्या दिवशी बांबूने काढला. बरीच बाचाबाची झाली. ज्याला जो जोड मिळाला तो घेऊन तो गेला. कार्यकारिणीने चपलांबाबत ठराव केला नाही. रविवारी सकाळी मात्र अध्यक्षांची नात किल्ली घेऊन बहनजींच्या दारी उभी होती. आणि त्यानंतरच्या कीर्तनाला मी पाहिले, अध्यक्ष आले, इकडे तिकडे बघितले आणि आपल्या कोल्हापुरी बाजूच्या भिंतीलगत, कुणी पाहत नाही अशा बेताने ठेवून आत गेले.

"लेखी निर्णय यायला हवा," मी बहनजींना म्हणालो. "अर्ज अजून विचाराधीन आहे."

"कुलूप उघडलं ना मुन्शीजी? मग कागद कशाला?"

या बाबतीत माझे त्यांच्याशी अखेरपर्यंत जमले नाही.

त्या वारल्या गेल्या हिवाळ्यात, घरीच, झोपेत. शोकसभा सभागृहातच ठेवली होती. कचहरी सुटायला उशीर झाला आणि मी घाईने पोहोचलो. समोर आलो आणि पाय थबकले. दारात एकही चप्पल नव्हती. दगडी पायरी स्वच्छ, रिकामी. मला फार वाईट वाटले. एवढी वर्षे शहराची काळजी वाहिली आणि शेवटच्या दिवशी झाशीतून एक मनुष्य आला नाही. आता आपणच दोन शब्द बोलावे, असे ठरवून मी आत डोकावलो.

सभागृहात उभे राहायला जागा नव्हती. लग्न होऊन गेलेल्या मुली लेकरे घेऊन आल्या होत्या. तो खिडकीतून उडी मारीन म्हणणारा उंच मुलगा आता पोक्त दिसत होता. दाराजवळची एक खुर्ची तेवढी कुणी घेतली नव्हती.

मी बाहेर आलो आणि बाजूला वळलो. भिंतीलगत चपला लावलेल्या होत्या, जोडाला जोड, टाचा भिंतीकडे. अध्यक्षांच्या कोल्हापुरी होत्या, मुलींच्या रंगीत पट्ट्यांच्या होत्या, लहान मुलांचे चिमुकले बूट होते. माझ्या ठेवायला जागा शोधत मी त्या रांगेच्या कडेने चालू लागलो. रांग भिंतीच्या टोकाला गेली, तेथून वळली आणि मागे देवळाच्या भिंतीशी गेली. आत कुणीतरी बोलायला उभे राहिले होते. मी अजून चालतच होतो.