देवबागची तिजोरी आणि सहा शून्ये

"संशयिताचा नाव लिवा: सुनीता," सांतान म्हणाला. मी पेनाचे टोपण पुन्हा लावले.

मालवणात कचेरीबाहेर मी अर्ज लिहून देतो. माझ्या मसुद्यात साहेब लोक एक अक्षरही बदलत नाहीत.

सांतानचा देवबागला होमस्टे आहे. त्याच्या पत्नीची सोन्याची साखळी इलेक्ट्रॉनिक तिजोरीतून नाहीशी झाली होती. कुलूप शाबूत. नंबर नवराबायकोखेरीज फक्त खोल्या झाडणाऱ्या सुनीतेला ठाऊक. सबब संशय तिच्यावर. पोलिसांत नाव गेले, की तिला गावात दुसरे काम मिळणार नव्हते.

"घटनास्थळ पाहिल्याशिवाय मी कोणाचेही नाव कागदावर आणीत नाही," मी म्हणालो.

"तुमी काय पोलीस?"

"पोलिसांच्या आधीचा."

देवबागला सुनीता पडवीत उभी होती. "माज्या घराची झडती घे, सांतानबाब. पण पोलिसात नाव नको."

मी तिजोरीच्या कणकवलीच्या विक्रेत्यास फोन लावला. त्याने आधी विचारले, "मास्टर कोड बदललात का?"

अशा कुलपास दोन नंबर चालतात. एक मालक ठरवतो. दुसरा कारखान्याचा, म्हणजे मास्टर कोड; मालक आपला नंबर विसरल्यास तो उपयोगी पडतो. तो न बदलल्यास त्या मॉडेलच्या सर्व तिजोऱ्यांना एकच राहतो.

"सहा शून्ये दाबा," विक्रेता म्हणाला.

दाबली. दार उघडले.

"म्हणजे आता अख्ख्या गावाचा नाव लिवचा?" सांतानने विचारले.

"त्या शून्यांनी मीच उघडलंय," स्वयंपाकघरातून त्याची आई म्हणाली. तिजोरी बसवणाऱ्याने शून्ये दाबलेली तिने पाहिली होती. सायबीण, म्हणजे घरोघर मुक्काम करणारी मेरीमातेची मूर्ती, नुकतीच त्यांच्याकडे येऊन गेली होती. म्हातारीने नवसाची म्हणून साखळी मूर्तीच्या गळ्यात घातली. हारांखाली ती कोणाला दिसली नाही, आणि मूर्ती पुढच्या घरी गेली.

"आवय, सांगूक नाय ता?"

"तुमी सुनीताकच विचारीत होतात. माका कोणी विचारल्यान?"

साखळी शेजारी, सायबिणीच्याच गळ्यात सापडली. माझ्याही जिवात जीव आला.

"माजा चुकला गो, सुनीता."

"आधी तो नंबर बदल. नायतर उद्या परत माज्याच नावार येतला."

सांतानने नवे नंबर घातले, तेव्हा सुनीता मुद्दाम अंगणात जाऊन पाठमोरी उभी राहिली.

कारखान्याचा नंबर तसाच ठेवल्यास तिजोरी ही केवळ वजनदार पेटी असते. आणि तक्रारीत कोणाचे नाव घालण्यापूर्वी घरातील सर्वांस विचारावे. म्हातारीस सर्वांत आधी.