गाणारणीसाठी लोटा

चिखल्याच्या खाण कॉलनीत संध्याकाळी पडदा बांधून एका नामांकित गायिकेवरचा माहितीपट दाखवला. तिच्या जुन्या मैफलीतली तान संपली आणि माझ्यापुढचा अनोळखी पागोटेवाला उठून ओरडला, "वन्समोअर!" आम्हीही शिट्ट्या मारल्या. मशीनवाल्यानं हसत रीळ मागे फिरवलं. बाई पुन्हा गायली. पुन्हा वन्समोअर!

मग तो पागोटेवाला पाण्याचा लोटा घेऊन थेट पडद्याकडे निघाला. हसून हसून माझं पोट दुखलं.

"काकाजी, फिलम हाय ना हे!"

"मले मालूम हाय," लोटा पडद्यापाशी ठेवत तो म्हणाला. "पन आमच्या गावच्या नाटकात वन्समोअर मांगनाऱ्यानंच पानी न्या लागते. गानारनीले कोरड्या गळ्यानं कसं पाठवाचं?"

पुढच्या वन्समोअरनंतर पडद्यापुढे लोट्यांची रांग लागली. त्यात एक माझाही होता.