कुंपणाबाहेरची केवळाबाई

सटवाजीला दोन मापं पाठ होती. आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात, त्याचा खड्डा आखूड आणि खोल. ख्रिस्ती लोकांत निजवतात, त्याचा लांब. कुणाच्या घरात माणूस गेलं की कुणीतरी सटवाजीच्या दारापुढं जाऊन उभं राहायचं. कोण गेलं, कशानं गेलं, सटवाजी काही विचारायचा नाही. "बसायचंय का निजायचंय?" एवढंच. मग टिकाव, पहार आणि फावडं खांद्यावर टाकून निघायचा.

उदगीरहून देगलूरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं बोरताळ. गावाच्या उगवतीला मिशनचं पत्र्याचं चर्च, त्याच्या मागं अर्धा एकर मसणवटा आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आमचं शेत त्याला लागूनच. ख्रिस्ती वाड्यातल्या कुणाच्याच थडग्यावर दगड नव्हता, नाव नव्हतं. कुठं कोण आहे ते सटवाजीच्या डोक्यात. आमचं एखादं वासरू तिकडं घुसलं की तो ओरडायचा, "आरं त्येला हाकल, मार्थाबाईच्या उरावर उभं हाय."

वाड्यानं पाणी घेतलं ते निजामाच्या काळात. बाप्तिस्म्याला आमच्याकडं पाणी घेणंच म्हणतात. मिशनच्या गोऱ्या साहेबानं सटवाजीचं नाव शमुवेल ठेवलं आणि वहीत लिहिलं. साहेब गेला, शमुवेल वहीत राहिला, गावात सटवाजीच हिंडत राहिला. त्याच्या बायकोचं, केवळाबाईचं, वहीत नावच नव्हतं. सगळ्या वाड्यात तिनं एकटीनं पाणी घेतलं नाही. चर्च झाडायची ती, नाताळाच्या पंगतीला पुरणाच्या पोळ्या लाटायची ती, आणि उपासना सुरू झाली की पायरीवर बसून तांदूळ निवडायची तीच. पाळक बदलायचे, नवा आला की तिला समजवायला जायचा. सटवाजी तर दर सालाला म्हणायचा, औंदा घे. ती म्हणायची, "तुमचा समदा वाडा त्या सरगात जाऊंद्या की. माझी माय जिकडं गेली तिकडं एक तरी वळखीचं मानूस नको का?"

बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर खडी फोडता फोडता तिला हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या वेळचे पाळक कडक होते. वहीत नाव नाही तर कुंपणात जागा नाही, म्हणाले. सटवाजी भांडला नाही. कुंपणाच्या बाहेर चार हात सोडून एकट्यानं खणत बसला. माझे वडील, गुरुपादप्पा, मदतीला गेले तर त्यानं पहार सोडली नाही. "ऱ्हाऊंद्या अप्पा," म्हणाला, "तिचं माप मला ठावं हाय." त्यानंतर दहा वर्षं त्यानं गावाचे सगळे खड्डे खणले, पण केवळाबाईचं नाव काढलं नाही. ती आता कुठं असेल, हे मात्र तो ज्याला त्याला नजरेनं विचारत असायचा. पाळकानं स्वर्गावर काही सांगितलं की हा खिडकीतून कुंपणाकडं बघायचा. सगळ्यांना कळायचं आणि सगळे खाली बघायचे.

ब्याऐंशी साली आमचा जिल्हा बदलला. उस्मानाबादचे आम्ही लातूरचे झालो, चावडीवर झेंडा लागला, पेढे वाटले. पाऊस मात्र त्या साली पुन्हा हुकला. त्याच दिवाळीला सटवाजीचा भाचा व्यंकटी हैदराबादहून आला. तिथं एका कारखान्यात फिटर होता. पांढराधोप सदरा, केस बारीक, आणि घरोघरी पुढं आलेला चहा हात जोडून परत करणारा. आमच्याकडं चहा नको म्हणणं म्हणजे भांडण काढणं. चार घरी असं झाल्यावर बातमी फुटली. व्यंकटीनं धरम बदलला म्हणे. पाळक ज्ञानोबांनी चौकशी केली तर कळलं की धर्म तोच, येशूचाच, पण चर्च दुसरं. अमेरिकेकडून आलेलं, लोक त्याला मॉर्मन म्हणतात, त्यांच्यात चहा चालत नाही, आणि व्यंकटी म्हणतो की खरं चर्च तेवढंच, बाकीची नुसती इमारत.

आता हे ऐकून गप्प बसणारा आमचा वाडा नव्हता. रविवारी उपासना झाल्यावर चर्चच्या लिंबाखाली बैठक ठरली. फैसला कुणी करायचा? तर दोन्ही बाजूचा नसलेला माणूस पाहिजे, म्हणून गळ्यात लिंग घातलेल्या माझ्या वडिलांना मध्ये बसवलं. त्यांच्या मागं मी.

व्यंकटीचं बोलणं सरळ होतं. येशूनं शिष्यांना अधिकार दिला. शिष्य गेले, अधिकार त्यांच्याबरोबर संपला. पुढं अठराशे वर्षं लोक प्रार्थना करत राहिले, पण शिक्का कुणाकडंच नव्हता. मग अमेरिकेत एका शेतकऱ्याच्या पोराला देवानं दर्शन देऊन तो अधिकार परत दिला. तो म्हणाला, "अप्पा, तुमीच सांगा. आता कागद घिऊन तुमी उस्मानाबादेला गेलाव तर शिक्का मिळंल का? हापिस लातूरला गेलंय."

वडिलांना हे पटल्यासारखं दिसलं. पण ज्ञानोबा पाळक शाळामास्तरकी करून पाळक झालेले, आवाज न चढवणारे. ते म्हणाले, "हापिस गेलं व्यंकटी. शेत कुठं गेलं? सातबाऱ्यावर नाव कालचंच हाय. येशूनं सांगितलं की माझी मंडळी मोडनार न्हाई, मग मधी अठराशे वर्सं मोडली कशी? देव काय रजेवर होता?"

वडिलांना हेही पटलं. त्यांची मान दोन्हीकडं हलू लागली तशी माणसं हसायला लागली.

मग व्यंकटीनं दुसऱ्या पुस्तकाचं सांगितलं, सोन्याच्या पत्र्यांवर लिहिलेलं, जमिनीतून निघालेलं. पाळकांनी विचारलं की पत्रे कुठं आहेत. देवदूतानं परत नेले, म्हणाला. सगळे हसले, पण म्हातारी शांताम्मा हसली नाही. म्हणाली, "मग खराच देवदूत असंल माय. मानसानं सोनं वापस न्हेलं नसतं, दाबून ठिवलं असतं." तिनंच पुढं विचारलं की तुमच्यात पाणी कसं देतात. व्यंकटी म्हणाला, अख्खा माणूस बुडवतात, डोक्यावर नुसतं शिंपडून चालत नाही. शांताम्मा म्हणाली, "हितं हंडाभर पान्याला दोन कोस जाऊन राहिलो आमी, आन् तुला मानूस बुडंस्तोवर पाह्यजे?"

असं तासभर चाललं. कुणी हरेना. तेवढ्यात लिंबाच्या बुडाशी टेकून बसलेला सटवाजी उठला. बोलायला उठणारा माणूस नव्हे तो, म्हणून सगळे थांबले. त्यानं पाळकांकडं तोंड केलं.

"पाळकसाहेब, केवळा कुठं हाय?"

एवढंच. ज्ञानोबांना थाप मारता आली असती. ते म्हणाले, "सटवाजीबाबा, मला म्हाईत न्हाई. देव दयाळू हाय एवढं म्हाईत हाय."

सटवाजीनं मान हलवली आणि भाच्याकडं वळला. व्यंकटीचा आवाज आता वादाचा राहिला नव्हता. तो हळू हळू सांगू लागला. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावानं जितं माणूस पाणी घेतं. इथं नाही, समुद्रापलीकडं मंदिरं आहेत, तिथं. नवराबायकोची गाठसुद्धा तिथं मेल्यानंतरची बांधतात. पाळक म्हणाले, हे शास्त्रात कुठंय? व्यंकटीनं त्यांच्याच हातातलं शास्त्र उघडून प्रेषिताच्या पत्रातली एक ओळ दाखवली. पाळकांनी वाचली. मेलेल्यांसाठी पाणी घेणाऱ्यांचा तिथं खरंच उल्लेख होता. ते प्रामाणिकपणे म्हणाले, ओळ आहे, तिचा अर्थ काय यावर मोठमोठे विद्वान भांडतात. सटवाजीला वाचता येत नव्हतं. त्यानं ती ओळ त्यांना पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा.

"निस्ती केवळाच का?" त्यानं विचारलं.

"तिची माय बी, मामा. मायची माय बी. जेवढी नावं सापडतील तेवढी."

सटवाजीनं मसणवट्याकडं बघितलं. आयुष्यभर त्यानं तिथं माणसं खाली ठेवली होती आणि वरून माती लोटली होती, काम संपलं म्हणून हात झटकले होते. आता त्याच्या तोंडाकडं बघवेना. भीती नव्हती ती. आमच्या विहिरीला झरा फुटला तेव्हा खाली उतरलेल्या वडराचं तोंड असं झालेलं मी बघितलं आहे.

"एवढ्या समद्यांला? एकेकाला नावानं?"

"हाव."

"आन् तिला इच्यारतेत का? का निस्तं घालून मोकळे?"

"इच्यारतेत की. हितं तिच्या नावानं घेतलं तरी बळजबरी न्हाई. तिकडं तिला समजावून सांगतेत. पटलं तर घील."

"म्हंजी मेल्यावर बी तिला न्हाई म्हनता येतंय."

"येतंय मामा."

सटवाजी खाली बसला. पाळकांनी हातातलं शास्त्र मिटलं नव्हतं. वडिलांनी फैसला दिलाच नाही. घरी येताना मला म्हणाले की असला देव कुणाचाही असो, त्याच्यापुढं चप्पल काढून उभं राहावं लागतंय.

गावात एकच बोलणं सुरू झालं. सटवाजी जाणार. केवळाबाईसाठी तो भाच्याचं चर्च धरणार आणि वाड्यातली निम्मी घरं त्याच्या मागं जातील, कारण प्रत्येक घराचं कुणी ना कुणी वहीबाहेरचं मेलेलं होतंच. व्यंकटीनं रजा वाढवली. मंगळवारी सकाळी तो कागद-पेन घेऊन मसणवट्यात आला. सटवाजी कुंपणाला नवे काटे लावत होता. मी आमच्या बांधावर होतो. पाठोपाठ ज्ञानोबा पाळकही आले. ते म्हणाले, "बाबा, जायचं तर जावा. मी आडवा येनार न्हाई. पर सांगून जावा."

व्यंकटीनं मामीचं नाव लिहिलं, बापाचं नाव विचारलं, जन्म कोणत्या सालचा विचारलं.

"लिहू नको," सटवाजी म्हणाला.

"का मामा?"

"तीस वर्सं मी तिला इच्यारलं. दर सालाला. ती न्हाई म्हनली. मेली तवा कुठं तिची सुटका झाली. आता तिकडं बी माझ्याच नावानं कुनी जाऊन इच्यारायचं व्हय?"

"एखांद्या वक्ती हाव म्हनंल की."

"तू तिला वळखत न्हाईस." त्यानं काटा फांदीत दाबला, बोटाला लागलेलं रक्त धोतराला पुसलं आणि दोघांकडं बघितलं. "मला येक सांगा, तुमी दोघं बी शिकलेले. तिच्यावर पानी घालायची तजवीज हाय म्हनता. माझ्यावरचं उतरवायची हाय का?"

दोघांनाही उमगलं नाही.

"ती हिकडं येत नसंल तर मी तिकडं जातो. तिची माय हाय, ती हाय. मी तिसरा."

रविवारी तासभर एकमेकापुढं न हटणारे दोघे तिथं कुंपणापाशी उभे होते. अखेर पाळक म्हणाले की घेतलेलं पाणी परत जात नाही बाबा. व्यंकटीनं कागदाकडं बघितलं, मग मान हलवली. त्यांच्यातही असं काही नव्हतं.

"ऱ्हाऊंद्या मग," सटवाजी म्हणाला, आणि पुढचा काटा उचलला.

व्यंकटी हैदराबादला गेला. वाड्यातलं कुणीच कुठं गेलं नाही. पुढच्या रविवारी सटवाजी नेहमीच्या जागेवर बसला होता, आणि स्वर्गाचं आलं तेव्हा त्यानं खिडकीकडं बघितलं नाही, पाळकांच्या तोंडाकडं बघितलं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तो गेला. महिनाभर आधी वडिलांना सांगून ठेवलं होतं, अप्पा, मला कुंपणाबाहेर, तिच्या बाजूला. पाळक अजून ज्ञानोबाच होते. मंडळीतले काही जण म्हणाले की वहीत नाव असलेला माणूस बाहेर कसा पुरायचा. पाळकांनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि टिकाव मागितला, कारण गावात दुसरा खड्डा खणणारा नव्हताच. सकाळच्या एस्टीनं व्यंकटी आला, त्यानं पहार घेतली.

तेव्हा ध्यानात आलं की केवळाबाई नेमकी कुठं आहे ते फक्त सटवाजीला ठाऊक होतं. चौदा वर्षांत जमीन सपाट झालेली, दगड नाही, खूण नाही. टिकाव चुकला तर तिच्यावरच पडायचा. दोघं अंदाजानं इंच इंच उकरत होते. जमीन दगडासारखी, पहार ठिणग्या काढत होती. आणि एका ठिकाणी पहार एकदम आपोआप वीतभर आत गेली. एकदा खणलेली माती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही म्हणतात. व्यंकटीनं दोन्ही हात सोडून दिले. पहार तशीच उभी राहिली.

"मामी हाय हितं," तो म्हणाला.

पाळकांनी ती हलकेच काढली. दोघांनी अर्धा हात सरकून कठीण जागेला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत निजल्याचं माप पुरं केलं. हाताचे फोड फुटलेल्या पाळकांनी प्रार्थना केली. शमुवेल म्हणाले नाहीत, सटवाजी म्हणाले. मग थोडं थांबून केवळाबाई म्हणाले. कुठल्या पाळकानं तिथं उभं राहून तिचं नाव घ्यायची ती पहिलीच वेळ. व्यंकटी आमेन म्हणाला. कोणत्या चर्चचं आमेन ते कुणी विचारलं नाही. ऊन डोक्यावर आलं होतं, माती लोटायला आम्ही सगळेच लागलो.